बर्च कार्यक्रम

स्त्रीआरोग्याच्या संशोधनात नव्याने उतरलेल्या प्राध्यापकांना अनुभवी मार्गदर्शकांशी जोडून देणारी अमेरिकेची शासकीय योजना. ‘बिल्डिंग इंटरडिसिप्लिनरी रिसर्च करिअर्स इन विमेन्स हेल्थ’ हे तिचे पूर्ण नाव. तेथील राष्ट्रीय आरोग्य संस्थेत १९९० मध्ये स्त्रीआरोग्य संशोधन कार्यालय स्थापन झाले. १९९३ च्या कायद्याने शासकीय अनुदानावरील वैद्यकीय चाचण्यांत स्त्रियांचा समावेश बंधनकारक केला. मात्र हे संशोधन पेलणारी पिढी घडवणे बाकी होते. त्यासाठी २००० मध्ये बर्चची पहिली अनुदाने देण्यात आली.

अनुदान व्यक्तीला नव्हे, विद्यापीठाला मिळते आणि विद्यापीठ आपले ‘स्कॉलर’ निवडते. स्कॉलरच्या कामाचा सामान्यतः ७५ टक्के वेळ संशोधनासाठी राखून ठेवावा लागतो. योजनेचे खरे बळ याच अटीत आहे. कारण रुग्णतपासणी व अध्यापनाच्या भारात तरुण डॉक्टरांचे संशोधनच सर्वांत आधी मागे पडते. एकाच गुरूवर भिस्त न ठेवता निरनिराळ्या शाखांतील मार्गदर्शक दिले जातात. हृदयविकार, व्यसनाधीनता, वार्धक्य यांतील स्त्री-पुरुष भेदांचा अभ्यासही योजनेच्या कक्षेत येतो; स्त्रीआरोग्य म्हणजे केवळ प्रसूतिशास्त्र, ही संकुचित समजूत तिने योग्यच नाकारली. स्कॉलरने पुढे स्वतंत्र अनुदान मिळवणे ही यशाची मुख्य कसोटी मानतात. योजना पुरुष संशोधकांनाही खुली आहे.