गिधाडांचा ऱ्हास आणि डायक्लोफेनॅक

गुरांना दिल्या जाणाऱ्या एका वेदनाशामक औषधामुळे भारतीय उपखंडातील गिधाडे विसाव्या शतकाच्या अखेरीस जवळजवळ नाहीशी झाली. पांढऱ्या पाठीचे (जिप्स बेंगालेन्सिस), लांब चोचीचे (जिप्स इंडिकस) आणि बारीक चोचीचे (जिप्स टेन्युइरॉस्ट्रिस) या तीन जातींना सर्वांत मोठा फटका बसला. १९९२ ते २००७ या काळात भारतात पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या ९९.९ टक्क्यांनी घटली, म्हणजे हजारांमागे एक पक्षी उरला. इतर दोन जातींची एकत्रित घट सुमारे ९७ टक्के होती.

त्याआधी या देशात गिधाडे कोट्यवधी होती, आणि ही विपुलता केवळ रानाने दिलेली नव्हती. गुरे प्रचंड संख्येने पाळायची, पण त्यांचे मांस बहुतेकांनी खायचे नाही, अशी रीत असलेल्या देशात मेलेली जनावरे गावाबाहेर टाकली जात. कातडे काढून झाले की गिधाडांचा थवा उतरे आणि तासाभरात सांगाडा उघडा पडे. हाडे पुढे हाडांच्या गिरण्यांकडे जात. गिधाडाला ‘निसर्गाचा सफाई कामगार’ म्हणण्याची हौस लेखकांना फार. परंतु ते जनावर गोठ्यातून गावाबाहेर नेणारे हात माणसांचेच होते. मेलेली गुरे ओढण्याचे काम महारांवर आणि कातड्याचे काम ढोर-चांभारांवर जातीने लादलेले होते. महाडच्या १९२७च्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मृत जनावरांचे मांस सोडण्याचे आवाहन केले, आणि मेलेली गुरे ओढण्यास नकार हा पुढे दलित चळवळीचा एक ठळक भाग झाला. गिधाडांच्या जुन्या सुबत्तेविषयी हळवे होताना ती कोणाच्या श्रमावर उभी होती, हे नोंदवायला हवे.

घट प्रथम ठळकपणे लक्षात आली ती राजस्थानातील भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे विभू प्रकाश यांनी १९८०च्या दशकातील आपल्या नोंदींशी १९९०च्या दशकातील स्थिती ताडून पाहिली. घरटी ओस पडत होती. पक्षी मान खाली टाकून फांदीवर बसून राहत आणि मरून पडत. सुरुवातीस एखाद्या विषाणूचा संशय होता. उलगडा पाकिस्तानात झाला. अमेरिकी पशुवैद्यक लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील मृत गिधाडांच्या मूत्रपिंडांत डायक्लोफेनॅकचा अंश दाखवून दिला. हे संशोधन २००४ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाले.

सांधेदुखीसाठी माणसे घेतात तेच हे औषध. स्वामित्वहक्काची मुदत संपल्यावर भारतीय कंपन्यांनी ते स्वस्तात बनवले आणि १९९०च्या दशकात ते गुरांच्या डॉक्टरांच्या पिशवीत पोचले. लंगडणारा बैल, कासदाह झालेली म्हैस, तापाने बसून राहिलेली गाय, सगळ्यांना तीच सुई. टोचल्यावर थोड्याच दिवसांत जनावर दगावले तर औषधाचा अंश मांसात व यकृतात राहतो. तो खाल्लेल्या गिधाडाची मूत्रपिंडे निकामी होतात, रक्तात यूरिक आम्ल साचते आणि त्याचे खडूसारखे पांढरे थर आतल्या अवयवांवर चढतात. पक्षी काही दिवसांत मरतो. म्हणजे या विनाशाच्या मुळाशी विष घालण्याचा हेतू नव्हता. दावणीच्या जनावराच्या दुखण्यावर केलेला उपचार होता. सडके मांस पचवणाऱ्या, रोगजंतूंना दाद न देणाऱ्या पक्ष्याला माणसाची वेदनाशामक सुई सोसली नाही.

एका जनावरावर डझनांनी गिधाडे जेवत असल्यामुळे शंभरातील एखादे मढे दूषित असणेही पुरेसे होते. त्यातच गिधाडांची मादी वर्षाला एकच अंडे घालते आणि पिल्लू वयात यायला साधारण पाच वर्षे लागतात. प्रौढ पक्षी इतक्या वेगाने मरू लागल्यावर ती तूट भरून निघणे शक्य नव्हते.

गिधाडांनी सोडलेले ताट कुत्र्यांनी घेतले. बिकानेरजवळच्या जोडबीडसारख्या, मेलेली गुरे टाकण्याच्या जागी भटक्या कुत्र्यांच्या झुंडी पोसल्या गेल्या. २००८च्या एका अभ्यासाने १९९२नंतरच्या काळात यामुळे किमान ५५ लाख कुत्री वाढल्याचा आणि रेबीजने सुमारे ४८,००० जादा मृत्यू झाल्याचा अंदाज मांडला. पुढे इयाल फ्रँक व अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांनी पूर्वी गिधाडांचा वावर असलेले व नसलेले जिल्हे यांची तुलना केली. त्यांच्या हिशेबाने २००० ते २००५ या काळात देशात सुमारे पाच लाख माणसे अधिक मेली. कारणांत रेबीजबरोबरच उघड्यावर कुजणाऱ्या जनावरांमुळे दूषित झालेले पाणीही आहे. हे अंदाज आहेत, मोजदाद नव्हे; तरी एका पक्ष्याची किंमत माणसांच्या जिवांत मांडण्याचा असा प्रयत्न विरळाच. मुंबईत मलबार हिलवरील डुंगरवाडीत पारशी समाजाचा अंत्यविधी गिधाडांवर अवलंबून होता. ती नाहीशी झाल्यावर तेथे सौर परावर्तक बसवावे लागले, आणि २०१५पासून वरळीच्या स्मशानभूमीत दहन निवडणाऱ्या पारशांसाठी प्रार्थनागृहाची सोय झाली.

जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर भारताने २००६ मध्ये बंदी घातली. नेपाळ व पाकिस्तान यांनीही त्याच सुमारास. मेलॉक्सिकॅम हा सुरक्षित पर्याय हाताशी होता. पळवाट मात्र सोपी निघाली: माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात जाऊ लागल्या. म्हणून २०१५ मध्ये हे इंजेक्शन ३ मिलिलिटरच्या एकमात्रा कुपीपुरते मर्यादित केले गेले. गुरांच्या शरीरात ॲसेक्लोफेनॅक या दुसऱ्या वेदनाशामकाचेही डायक्लोफेनॅकच बनते. त्यावर आणि किटोप्रोफेनवर बंदी यायला २०२३ उजाडले.

हरियाणातील पिंजोर येथे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी आणि राज्य वनविभाग यांनी प्रजननकेंद्र उभारले. तिथली काही गिधाडे २०२४ मध्ये महाराष्ट्रातील पेंच व ताडोबा येथे आणली गेली. राज्यात लांब चोचीची गिधाडे नाशिकजवळच्या अंजनेरीसारख्या कड्यांवर, तर पांढऱ्या पाठीची रायगड जिल्ह्यात उंच झाडांवर घरटी करतात. फणसाड अभयारण्य, नाशिक जिल्ह्यातील खोरीपाडा आणि गडचिरोली येथे ‘गिधाड उपाहारगृहे’ आहेत. नाव गमतीचे असले तरी काम चोख लागते: शेतकऱ्याकडून मेलेले जनावर घेताना शेवटच्या आजारपणात त्याला कोणती सुई दिली होती, हे आधी विचारून घ्यावे लागते.