आकडा लिहून घेणाऱ्याचे काय झाले? मुंबईचा मटका, आजचे ‘अ‍ॅफिलिएट’ आणि नवख्यांच्या पाच चुका

१/
गेल्या महिन्यात मला एक प्रस्ताव आला. एका सट्टेबाजीच्या अ‍ॅपचा दुवा माझ्या लेखनाखाली द्यायचा. त्या दुव्यावरून जो खेळायला येईल, त्याच्या हरलेल्या रकमेतला ठरावीक हिस्सा दरमहा मला मिळणार. “तुम्हाला स्वतः खेळायचे नाही, म्हणजे धोका काहीच नाही,” असे आश्वासनही सोबत होते. इतिहासाच्या विद्यार्थ्याला हे वाक्य ओळखीचे वाटले. आजचा धागा त्याच वाक्याविषयी.

२/
ज्याला आज ‘अ‍ॅफिलिएट’ म्हणतात, तो माणूस मुंबईला नवा नाही. चाळीच्या तोंडाशी, पानाच्या टपरीवर, गिरणीच्या फाटकाजवळ बसून लोकांचे आकडे चिठ्ठीवर लिहून घेणारा आणि त्यावर शेकडा दलाली मिळवणारा मटक्याचा एजंट म्हणजे त्याचा थेट पूर्वज. बुकींची नावे इतिहासात राहिली. चिठ्ठी लिहिणाऱ्यांची नावे राहिली असतील, तर ती बहुधा पोलिसांच्या दप्तरातच.

३/
आधी थोडी पार्श्वभूमी. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारात उघडणारा आणि बंद होणारा भाव तारयंत्राने मुंबईच्या कापूस बाजारात येत असे. या भावांच्या आकड्यांवर पैजा लागत. त्यालाच ‘आकडा’ म्हणत. ‘ओपन’ आणि ‘क्लोज’ हे शब्द मटक्यात आले ते इथूनच. १९६१ मध्ये न्यूयॉर्कहून भाव येणे थांबले आणि या जुगाराचा पायाच निखळला.

४/
मार्ग निघाला तो असा: भाव येत नसतील तर आकडा आपणच काढावा. कच्छहून आलेले कल्याणजी भगत यांनी १९६२ मध्ये वरळीत मटका सुरू केला. कराचीहून फाळणीनंतर आलेले रतन खत्री यांनी १९६४ मध्ये ‘न्यू वरळी मटका’ काढला. आरंभी चिठ्ठ्या मातीच्या मडक्यात टाकून काढत, म्हणून नाव मटका. पुढे मडके गेले, पत्ते आले. नाव मात्र टिकले.

५/
खेळ समजायला सोपा होता, आणि हेच त्याचे बळ होते. तीन पत्ते निघत, समजा २, ५, ८. बेरीज १५, शेवटचा अंक ५, हा ‘ओपन’. नंतर पुन्हा तीन पत्ते, समजा १, ३, ९. बेरीज १३, अंक ३, हा ‘क्लोज’. दोन्ही मिळून ५३ ही ‘जोडी’. एका अंकावर लावलेल्या रुपयाला साधारणपणे नऊ रुपये मिळत. चार आणे लावणाऱ्या गिरणी कामगारालाही यात जागा होती.

६/
पण चार-चार आणे गोळा करायला माणसे लागतात. म्हणून एजंट. तो वस्तीतलाच, सगळ्यांना नावाने ओळखणारा. बुकीला कोणी पाहिलेले नसे; विश्वास होता तो चिठ्ठी लिहिणाऱ्यावर. धंद्याचे खरे भांडवल म्हणजे ही ओळख, आणि ती बुकीची नव्हे, एजंटची असे. आता नवख्यांच्या चुकांकडे वळू. प्रत्येक चूक तेव्हाचीही आहे आणि आजचीही.

७/ चूक पहिली : “मी खेळत नाही, म्हणजे मी सुरक्षित आहे.”
मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा १८८७ चा आहे. त्याचा रोख केवळ खेळणाऱ्यावर नाही. अड्डा चालवणारा आणि त्याला साहाय्य करणाराही त्यात येतो. याच कायद्याच्या कलम १२-अ मध्ये जुगाराला मदत होईल अशा हेतूने माहिती छापणे, वाटणे किंवा पसरवणे हाही गुन्हा मानला आहे. दुवा पसरवणारा आणि चिठ्ठी लिहिणारा यांच्यातले अंतर कायद्याच्या दृष्टीने फार थोडे आहे.

८/
शिवाय कायदा जुगाराच्या मागोमाग चालत आलेला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईत पाऊस किती पडेल यावर पैजा लागत. १८९० मध्ये कायद्यात दुरुस्ती करून त्या रोखल्या गेल्या. बंगालने तसाच कायदा १८९७ मध्ये केला. “हा प्रकार नवा आहे, तो कायद्यात बसत नाही” हा युक्तिवाद प्रत्येक पिढीने केला आहे आणि तो फार काळ टिकलेला नाही.

९/ चूक दुसरी : दलाली कोणाच्या खिशातून येते, हे न पाहणे.
हिशेब करून पाहा. दहा अंकांपैकी एक लागणार, आणि रुपयाला मिळणार नऊ. म्हणजे लावलेल्या प्रत्येक १०० रुपयांतले सरासरी १० रुपये धंद्यात राहतात. परत आलेले पैसे पुन्हा लावत गेले, तर १०० चे ९०, ९० चे ८१ असे करत दहाव्या फेरीअखेर सरासरी ३५ रुपयेच उरतात. एजंटची दलाली, बुकीचा नफा, पोलिसांचा हप्ता, सारे याच घसरणीतून.

१०/
आजच्या ‘महसुली वाट्या’च्या करारात तर हे अधिक उघड आहे. ग्राहक जितका हरेल तितका दुवा देणाऱ्याचा हिस्सा मोठा. आणि नवख्याचे पहिले ग्राहक कोण असतात? वर्गमित्र, चुलतभाऊ, गावाकडची मुले. त्यांनी जिंकावे अशी सदिच्छा आणि त्यांनी हरावे अशी गरज, या दोन्ही एकाच माणसाच्या ठायी एकत्र येतात. चाळीतल्या एजंटलाही हे ठाऊक असणार. निदान पगाराच्या दुसऱ्या दिवशी शेजारणीचा चेहरा त्याला पाहावा लागत होता.

११/ चूक तिसरी : करार न वाचता जोखीम अंगावर घेणे.
चिठ्ठी लिहिणाऱ्याला दोन मोह असत. एक, उधारीवर आकडा लिहून घेणे. दुसरा, “ही जोडी काही लागत नाही” म्हणून लहान पैज वर न पाठवता पैसे स्वतःच ठेवणे. रुपयाला नव्वदच्या भावाने दहा रुपयांची जोडी लागली, की देणे ९०० रुपये. त्या क्षणी तो दलाल राहत नाही, भांडवल नसलेला बुकी होतो.

१२/
आज हेच वेगळ्या रूपात येते. काही करारांत ग्राहक जिंकला तर ती रक्कम दुवा देणाऱ्याच्या खात्यावर उणे बाकी म्हणून चढते आणि पुढच्या महिन्यात ओढली जाते. महिनाभर श्रम केलेल्याच्या नावावर शून्याहून कमी उरू शकते. शिवाय दावा करावा कुठे? कंपनी परदेशातल्या एखाद्या बेटावर नोंदलेली असते. मटक्याचा करार तोंडी होता, हा लेखी असतो. दाद मागण्याची सोय दोहोंतही सारखीच अपुरी.

१३/ चूक चौथी : दुसऱ्याच्या जमिनीवर घर बांधणे.
१९६१ मध्ये न्यूयॉर्कचा एक निर्णय झाला आणि मुंबईतल्या आकड्याचा आधार गेला. त्या निर्णयाशी इथल्या एजंटचा काही संबंध नव्हता. आणीबाणीत रतन खत्री सुमारे १९ महिने तुरुंगात होते. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला; सुमारे अडीच लाख कामगारांचा पगार थांबला, आणि त्या पगारावर जगणाऱ्या खाणावळी, टपऱ्यांप्रमाणेच आकड्याच्या चिठ्ठ्याही त्या आघाताबाहेर राहू शकत नव्हत्या.

१४/
हीच गोष्ट आंतरजालावर घडली. दुव्यामागे दलाली देण्याची पद्धत अ‍ॅमेझॉनने १९९६ मध्ये पुस्तकांसाठी रूढ केली. जुगाराच्या संकेतस्थळांनी ती लगेच उचलली. १३ ऑक्टोबर २००६ रोजी अमेरिकेत बेकायदा ऑनलाइन जुगाराचे आर्थिक व्यवहार रोखणारा कायदा झाला आणि पार्टीगेमिंगसारख्या मोठ्या कंपनीने अमेरिकी खेळाडूंना दार बंद केले. १५ एप्रिल २०११ रोजी तीन मोठ्या पोकर कंपन्यांवरील आरोपपत्र उघड झाले. कंपन्यांच्या जोरावर उभी राहिलेली दलालांची उत्पन्ने एकेका दिवसात थांबली.

१५/
भारतात तो दिवस २२ ऑगस्ट २०२५ चा म्हणावा लागेल. ऑनलाइन गेमिंगविषयीच्या नव्या केंद्रीय कायद्याला त्या दिवशी राष्ट्रपतींची संमती मिळाली. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी, आणि त्यांची जाहिरात करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा ५० लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद त्यात आहे. जाहिरात करणारा म्हणजे केवळ चित्रपटातला तारा नव्हे, हे नवख्याने नीट वाचावे.

१६/ चूक पाचवी : स्वतःच्याच जाहिरातीवर विश्वास बसणे.
मटक्याभोवती आकडे सांगणाऱ्यांचा एक स्वतंत्र बाजार उभा राहिला. स्वप्नात साप दिसला तर अमुक अंक, कालचा अंक पाहून आजचा अंक. वास्तविक आजच्या पत्त्यांना कालच्या पत्त्यांची आठवण नसते. आजचे ‘हमखास’ सल्ल्यांचे गट हाच व्यवसाय करतात. दहा गटांना दहा वेगळे अंक सांगा. एक गट तुम्हाला द्रष्टा मानेलच. फसवणारा कधीकधी हे विसरतो आणि स्वतःच खेळू लागतो. तिथे दलालाची गोष्ट संपते आणि गिऱ्हाइकाची सुरू होते.

१७/
एक भेद मात्र नोंदवायला हवा. चिठ्ठी कागदाची होती; ती फाडली, गिळली, गटारात टाकली की पुरावा नष्ट. आजच्या दुव्यात दलालाचा सांकेतिक क्रमांक गुंफलेला असतो. कोण आले, केव्हा आले, किती हरले आणि त्यातले किती कोणाच्या बँक खात्यात गेले, हे सारे नोंदलेले राहते. दलाली मोजणारी यंत्रणाच दलालाविरुद्धचे दप्तर तयार करते.

१८/
इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला याहून एक गोष्ट अधिक टोचते. खत्री यांच्यावर बेतलेला मानला जाणारा ‘धर्मात्मा’ हा चित्रपट १९७५ मध्ये आला. २०२० मध्ये ते वारले तेव्हा वृत्तपत्रांनी मोठे मृत्युलेख छापले. ‘मटका लागला’ हा वाक्प्रचार आपण आजही वापरतो. पण टपरीवरच्या चिठ्ठी लिहिणाऱ्याने आपली कहाणी कुठे लिहून ठेवली? छाप्याच्या वेळी सापडणारा तो, जामिनासाठी धावणारे घर त्याचे, आणि आठवणीतून पुसला जाणाराही तोच.

१९/
त्या प्रस्तावाला मी नकार कळवला. यात मोठेपणा काही नाही. रक्कम वाचून मी दोन दिवस विचार केला होता, हे कबूल करतो. शिष्यवृत्ती रखडली की असे निरोप अधिक गोड वाटतात, आणि ते पाठवणाऱ्यांना हे पक्के ठाऊक असते. तुमच्यापैकी कोणाला असा निरोप आला, तर एवढेच विचारा : ज्यांना मी हा दुवा पाठवणार, ते हरले तर मला आनंद होईल का? करारात त्याचे उत्तर आधीच लिहिलेले आहे.

२०/
धागा इथे संपतो. ज्यांच्या घरी गिरणगावच्या आठवणी आहेत, त्यांनी आजी-आजोबांना नाक्यावरच्या आकडेवाल्याविषयी अवश्य विचारावे आणि जे ऐकाल ते लिहून ठेवावे. दप्तरांत न सापडणारा इतिहास तिथेच शिल्लक आहे.