वाहनातील छापील रस्ते-नकाशासंग्रह आणि उपग्रह दिशादर्शन

नवी दिल्ली : राजधानीच्या रिंग रोड आणि आउटर रिंग रोड यांच्या दरम्यान वसलेल्या आर. के. पुरम या सरकारी वसाहतीतून निघालेले वाहन काही किलोमीटरवरील धौला कुआँ येथे राष्ट्रीय महामार्ग ४८ वर येते. हाच महामार्ग पुढे जयपूर, उदयपूर, अहमदाबाद, सुरत, मुंबई, पुणे, कोल्हापूर, बेळगाव आणि बंगळुरू असा चेन्नईपर्यंत जातो. दूरध्वनीच्या पडद्यावर चालकाला त्यातील पुढचे वळण दिसते. छापील नकाशासंग्रहात संपूर्ण मार्ग, त्याला येऊन मिळणारे रस्ते आणि वाटेतील डोंगर-नद्या एकाच दृष्टिक्षेपात दिसतात. उपग्रह दिशादर्शन सर्वांच्या हाती आले असतानाही अनेक अनुभवी चालक वाहनात नकाशांचे पुस्तक ठेवतात, त्याचे कारण या फरकात आहे.

आर. के. पुरमचा नकाशांशी असलेला संबंध जुना आहे. तेथील वेस्ट ब्लॉक क्रमांक ४ मध्ये भारतीय सर्वेक्षण विभागाचे, म्हणजेच सर्व्हे ऑफ इंडियाचे, कार्यालय वर्षानुवर्षे राहिले आहे. १७६७ मध्ये स्थापन झालेल्या या विभागाचे मुख्यालय डेहराडून येथे असून महाराष्ट्र व गोव्यासाठीचे कार्यालय पुण्यात आहे.

त्रिकोणमितीपासून उपग्रहापर्यंत

भारताच्या शास्त्रशुद्ध नकाशांचा पाया ज्या मोजणीने घातला, तिचा प्रारंभ विल्यम लॅम्ब्टन यांनी १८०२ मध्ये मद्रासजवळील सेंट थॉमस माउंट येथे पायारेषा मोजून केला. हे काम उत्तरेकडे सरकत असतानाच १८२३ मध्ये लॅम्ब्टन यांचे निधन आजच्या वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे झाले. त्यांची समाधी तेथेच आहे. पुढे जॉर्ज एव्हरेस्ट यांनी ही मोजणी हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेली. साखळ्या, थिओडोलाइट आणि आकडेमोड यांच्या बळावर तयार झालेल्या या जाळ्यावर नंतरच्या पिढ्यांचे नकाशे उभे राहिले.

उपग्रह दिशादर्शनाचे तत्त्व वेगळे आहे. अमेरिकेच्या जीपीएस प्रणालीचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून वेळेचे संकेत पाठवतात. निदान चार उपग्रहांचे संकेत मिळाले की ग्राहकयंत्र आपले स्थान निश्चित करते. नागरी वापरासाठीच्या संकेतांमधील हेतुपुरस्सर अचूकतेची घट मे २००० मध्ये काढून टाकण्यात आली आणि रस्त्यावरील वापराला खरी गती मिळाली. भारताने २०१३ ते २०१६ या काळात सात उपग्रह सोडून स्वतःची प्रादेशिक प्रणाली उभारली. तिला ‘नाविक’ हे नाव देण्यात आले.

स्थान आणि नकाशा या दोन वेगळ्या गोष्टी

उपग्रह केवळ स्थान सांगतो. रस्ता कोणता, तो कोठे जातो, आज तो सुरू आहे की बंद, हे सांगण्याचे काम नकाशाच्या माहितीसाठ्याचे आहे. त्यामुळे जेथे मोबाइलचे जाळे पोहोचत नाही, तेथेही दूरध्वनी स्वतःचे स्थान ओळखू शकतो. परंतु नकाशा आधी उतरवून ठेवलेला नसेल, तर कोऱ्या पडद्यावर केवळ एक बिंदू दिसतो. बोगद्यात याच्या उलट घडते. नकाशा हाताशी असतो, पण उपग्रहाचा संकेत मिळत नाही. हिमाचल प्रदेशातील ९.०२ किलोमीटर लांबीचा अटल बोगदा असो की मुंबईच्या किनारी रस्त्यावरील जुळे बोगदे, तेथे यंत्राला केवळ अंदाजावर विसंबावे लागते. याखेरीज विद्युतभार संपणे, उन्हाने दूरध्वनी तापून बंद पडणे या नित्याच्या अडचणी आहेतच. कागदाला यांपैकी कोणतीही बाधा होत नाही.

दोन अपघातांचा धडा

जानेवारी २०२१ मध्ये अकोले तालुक्यातील कोतूळ परिसरात पुण्याहून कळसूबाईकडे निघालेली एक मोटार रात्रीच्या वेळी धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या पुलावर गेली आणि चालकाचा बुडून मृत्यू झाला. प्रवासी दिशादर्शनाच्या साहाय्याने मार्ग शोधत होते. हा पूल वर्षातील काही महिने पाण्याखाली असतो, हे स्थानिकांना ठाऊक होते. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशातील बरेली जिल्ह्यात रामगंगा नदीवरील पुलावरून मोटार खाली कोसळून तिघांचा मृत्यू झाला. त्या पुलाचा एक भाग पुरात वाहून गेलेला होता.

या दोन्ही ठिकाणी छापील नकाशाने प्राण वाचवले असते, असा दावा करता येत नाही. कागदावरही तो पूल अखंडच दिसला असता. मात्र नकाशासंग्रह रस्त्यांची प्रतवारी वेगवेगळ्या रेषांनी आणि रंगांनी दाखवतो. आपण राज्य महामार्ग सोडून दुय्यम रस्त्याला लागत आहोत, पुढे नदी आहे आणि ती ओलांडण्यासाठी दुसरीकडे मोठा पूल आहे, हे वाचकाला आधीच कळते. सावध होण्यास आणि गाडी थांबवून वाटेत कोणाला तरी विचारण्यास तेवढे निमित्त पुरेसे असते. यंत्र बहुधा वेळ वाचवणारा मार्ग निवडते. तो मार्ग रात्री किंवा पावसाळ्यात योग्य आहे का, याचा निर्णय माणसालाच घ्यावा लागतो.

मार्ग बंद पडतो तेव्हा

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पंचगंगेचे पाणी कोल्हापूरजवळ शिरोली येथे महामार्गावर आले आणि पुणे-बंगळुरू वाहतूक अनेक दिवस ठप्प झाली. अशा प्रसंगी प्रश्न एका वळणाचा नसतो, तर शंभर-दोनशे किलोमीटरच्या वळशाचा असतो. सह्याद्रीत दरड कोसळून एखादा घाट बंद झाला, तर वरंध, कुंभार्ली, आंबा, फोंडा, आंबोली यांपैकी कोणता घाट किती अंतरावर आहे, हे नकाशाच्या एका पानावर ओळीने मांडलेले सापडते. लहान पडद्यावर हेच चित्र पाहण्यासाठी नकाशा पुन्हा पुन्हा लहानमोठा करावा लागतो आणि तोवर मागची गावे दृष्टीआड होतात.

वाट स्वतः शोधण्याचा मेंदूवर होणारा परिणामही अभ्यासला गेला आहे. लंडनच्या टॅक्सीचालकांना हजारो रस्ते तोंडपाठ करून परीक्षा द्यावी लागते. त्यांच्या मेंदूतील स्थलस्मृतीशी निगडित हिप्पोकॅम्पस या भागाचा मागील हिस्सा इतरांपेक्षा मोठा असल्याचे एलिनॉर मॅग्वायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केले. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लंडनमधील दुसऱ्या एका प्रयोगात, तयार सूचनांनुसार वाट चालणाऱ्यांच्या मेंदूचा हा भाग वाट स्वतः ठरवणाऱ्यांप्रमाणे कार्यरत होत नसल्याचे आढळले.

छापील नकाशाच्या मर्यादा

नकाशासंग्रह छापल्या दिवसापासून जुना होऊ लागतो, हे लक्षात ठेवणे अगत्याचे आहे. राष्ट्रीय महामार्गांचे क्रमांक २०१० मध्ये नव्याने ठरवण्यात आले. जुन्या पुस्तकांतील मुंबई-गोवा महामार्ग १७ आता ६६ झाला आहे. दिल्ली-मुंबई महामार्ग ८ आणि मुंबईहून पुणे-कोल्हापूरमार्गे जाणारा महामार्ग ४ हे दोन्ही आता ४८ या एकाच क्रमांकाखाली येतात. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्गाचा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये, तर अखेरचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला. त्यापूर्वीच्या नकाशांत ७०१ किलोमीटरचा हा संपूर्ण मार्ग सापडणार नाही. छत्रपती संभाजीनगर, धाराशिव आणि अहिल्यानगर ही नावेही जुन्या आवृत्त्यांत औरंगाबाद, उस्मानाबाद आणि अहमदनगर अशीच असतील. वाहतूककोंडी किंवा त्याच दिवशीचा अपघात यांची वार्ता कागद देऊ शकत नाही; तेथे दूरध्वनीला पर्याय नाही.

निवड आणि वापर

पुस्तक घेताना प्रथम प्रकाशनाचे वर्ष आणि मग प्रमाण पाहावे. १:१०,००,००० या प्रमाणात नकाशावरील एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरील दहा किलोमीटर. दूरच्या प्रवासासाठी हे सोयीचे ठरते. घाटवाटा व खेड्यांसाठी सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० प्रमाणाचे स्थलदर्शक नकाशे उपयुक्त आहेत. त्यात एक सेंटिमीटर म्हणजे अर्धा किलोमीटर. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने नागरिकांसाठी मुक्त नकाशामालिका निर्माण केली आणि २०१७ पासून तिची पत्रके नोंदणी करून विनामूल्य उतरवून घेण्याची सोय झाली. फेब्रुवारी २०२१ मधील मार्गदर्शक तत्त्वांनी भू-स्थानिक माहितीवरील बंधने आणखी सैल केली. आपल्या नेहमीच्या प्रदेशाची पत्रके छापून वाहनात ठेवणे आता कठीण राहिलेले नाही.

निघण्यापूर्वी नकाशावर मार्ग बोटाने गिरवावा, वाटेतील पाच-सहा मोठी गावे क्रमाने लिहून ठेवावीत आणि एक पर्यायी मार्ग निश्चित करावा. दूरध्वनीत त्या भागाचा नकाशा आधीच उतरवून घ्यावा. प्रवासात कडेच्या किलोमीटरच्या दगडांशी ताळा जुळवावा: माथा पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्य महामार्ग आणि नारिंगी असेल तर ग्रामीण रस्ता. दूरध्वनी मार्ग पाहण्यासाठी वापरता येतो, मात्र चालकाचे लक्ष विचलित होणार नाही अशाच रीतीने, अशी तरतूद मोटार वाहन नियमांत ऑक्टोबर २०२० पासून लागू आहे. नकाशाचे पुस्तकही वाहन चालवताना उघडू नये. ते शेजारी बसलेल्याने वाचावे किंवा गाडी कडेला उभी करून पाहावे. अडचणीत सापडल्यास राष्ट्रीय महामार्गांसाठी १०३३ आणि सर्वसाधारण आपत्कालीन मदतीसाठी ११२ हे क्रमांक नकाशाच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावेत. मदत मागताना आपण नेमके कोठे आहोत हे सांगावे लागते. जवळच्या दगडावरील किलोमीटर आणि नकाशावरील गाव ठाऊक असेल, तर दूरध्वनीचा पडदा विझला तरी दुसऱ्या कोणाच्या दूरध्वनीवरून ते उत्तर देता येते.