छाटणीचा शब्द

'अ‍ॅम्प्युटेशन' हा शब्द डॉक्टरांच्या तोंडून निघाला की घरच्या माणसांचा धीर सुटतो. परंतु श्रोतेहो, हा शब्द मुळात इस्पितळातला नव्हे, मळ्यातला. लॅटिनमध्ये 'अंबि' म्हणजे सभोवार आणि 'पुतारे' म्हणजे छाटणे. रोमन माळी द्राक्षवेलीची फाजील वाढ छाटून टाकी, त्यास 'अंपुतारे' म्हणत. आमच्या नाशिकच्या बागाइतदारास हा अर्थ फोड करून सांगावयास नको. (याच 'पुतारे'ला पुढे हिशेब करण्याचाही अर्थ आला, कॉम्प्युटर त्याच कुळातला!)

इंग्रज शस्त्रवैद्य आरंभी या क्रियेस 'डिसमेंबरिंग', म्हणजे सरळ अंग तोडणे, म्हणत. स्कॉटिश शस्त्रवैद्य पीटर लो याच्या ग्रंथाच्या १६१२ च्या आवृत्तीत 'अ‍ॅम्प्युटेशन' आढळतो. शतकअखेर तोच रूढ झाला. हा पालट आम्हांस मोलाचा वाटतो. तोडणाऱ्याचे लक्ष तुकड्याकडे असते, छाटणाऱ्याचे उरल्या झाडाकडे. आणि उरलेले जगविण्याची विद्याही तोवर पुढे सरकली होती. पूर्वी रक्त थांबविण्यासाठी जखमेवर तापल्या लोखंडाचा डाग देत. १५५२ साली फ्रान्सच्या आंब्र्वाज पारे याने एका वेढ्यात जखमी सैनिकाचा पाय कापल्यावर रक्तवाहिन्या दोऱ्याने बांधल्या, आणि डाग टाळला.

वेदना मात्र पुढे तीन शतके तशीच राहिली. २१ डिसेंबर १८४६ रोजी लंडनमध्ये रॉबर्ट लिस्टन याने ईथर हुंगवून एका रोग्याचा पाय मांडीतून काढला. 'पाय काढला' हेच आमच्या बोलीतले शब्द; त्यांत ना तोडणे आहे, ना छाटणे.