ग्रॅव्हल सायकलिंग

ग्रॅव्हल सायकलिंग हा डांबरी रस्ता सोडून खडी, मुरूम आणि माती यांच्या वाटांवर केल्या जाणाऱ्या सायकलभ्रमणाचा व सायकल शर्यतीचा एक प्रकार आहे. ‘ग्रॅव्हल’ म्हणजे बारीक खडी. मोटारींची वर्दळ नसलेल्या वाटा, लांब पल्ला आणि मोकळा भूप्रदेश ही या प्रकाराची लक्षणे मानली जातात. युरोपातील झुडपी माळराने, अमेरिकेतील गवताळ प्रदेश आणि महाराष्ट्रात वऱ्हाडातील माळ व पांदण रस्ते हे अशा भ्रमणास अनुकूल भूप्रदेश आहेत. यांतील बरेचसे क्षेत्र वन्यजीवांसाठी राखलेले असल्यामुळे सायकलस्वाराचा प्रवेश हा या विषयातील महत्त्वाचा प्रश्न ठरतो.

सायकलची रचना

ग्रॅव्हल सायकल दिसायला शर्यतीच्या सायकलीसारखी असते. हँडल तसेच खाली वळलेले असते. मात्र तिची चौकट अधिक लांब व स्थिर, गिअर चढावासाठी हलके आणि ब्रेक डिस्कचे असतात. मुख्य फरक टायरमध्ये आहे. रस्त्यावरील शर्यतीचे टायर साधारणपणे २५ ते ३२ मिलिमीटर रुंद असतात, तर ग्रॅव्हल सायकलीचे ३५ ते ५० मिलिमीटर. त्यांत हवाही कमी, बहुधा चौरस इंचाला ३० ते ४५ पौंड इतकीच भरतात. मऊ टायर दगडावर उसळत नाही, त्याभोवती दबतो. त्यामुळे पकड वाढते आणि हातांना बसणारे हादरे कमी होतात. पुष्कळ स्वार ट्यूब न वापरता टायरमध्ये एक चिकट द्रव घालतात. काटा रुतून पडलेले लहान छिद्र हा द्रव आपोआप बुजवतो.

भारतीय वाचकाला ही रुंदी अपरिचित नाही. खेडोपाडी शिक्षक, टपालवाले आणि दूधवाले ज्या जड काळ्या सायकलीवर वर्षानुवर्षे फिरले, तिचा २८ × १½ इंची टायर सुमारे ४० मिलिमीटर रुंद असतो. गाडीवाटेवर चालणारी सायकल म्हणून ती आधीपासूनच या वर्गात बसते; तिच्यात उणीव आहे ती हलकेपणाची आणि गिअरची.

उगम आणि प्रसार

डांबरीकरणापूर्वी सर्वच सायकली कच्च्या रस्त्यावर चालत. त्या अर्थाने हा प्रकार जुना आहे. स्वतंत्र क्रीडाप्रकार म्हणून त्याची वाढ एकविसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागात झाली. आयोवा राज्यात २००५ मध्ये ‘ट्रान्स आयोवा’ ही शर्यत सुरू झाली. पुढच्याच वर्षी, २००६ मध्ये, कॅन्सस राज्यातील एम्पोरिया येथे २०० मैलांची (सुमारे ३२० किमी) शर्यत घेण्यात आली. ती आज ‘अनबाउंड ग्रॅव्हल’ या नावाने ओळखली जाते. तिचा मार्ग फ्लिंट हिल्स या उंच गवताच्या टेकड्यांमधून जातो. तेथील गारगोटीचे धारदार तुकडे टायर फाडण्याबद्दल कुप्रसिद्ध आहेत. आंतरराष्ट्रीय सायकलिंग महासंघाने (यूसीआय) या प्रकाराची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा २०२२ मध्ये इटलीच्या व्हेनेतो प्रांतात भरवली. तिच्यात बेल्जियमचा जियानी व्हर्मिर्श आणि फ्रान्सची पोलीन फेराँ-प्रेव्हो विजयी झाले.

हीथ आणि माळरान

उत्तर युरोपात निकस, वालुकामय जमिनीवर गुडघाभर उंचीच्या झुडपांचे जे विस्तीर्ण पट्टे आढळतात, त्यांना ‘हीथ’ म्हणतात. हे पट्टे निव्वळ निसर्गनिर्मित नाहीत. शतकानुशतके झालेली जंगलतोड आणि मेंढ्यांची चराई यांतून ते घडले. चराई थांबली की तेथे हळूहळू झाडे वाढू लागतात. जर्मनीतील ल्युनेबुर्ग हीथच्या राखीव क्षेत्रात यासाठी आजही मेंढ्यांचे कळप राखले जातात. या क्षेत्राच्या मध्यभागी असलेल्या विल्झेडे गावात पर्यटकांच्या मोटारींना मज्जाव आहे. तेथे पायी, सायकलने किंवा घोडागाडीने जावे लागते. नेदरलँड्समधील होगे फेलुवे राष्ट्रीय उद्यानात अभ्यागतांना पांढऱ्या सायकली विनामूल्य वापरता येतात. ही प्रथा १९७० च्या दशकापासून चालू आहे. भारतात राजस्थानमधील भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात भाड्याच्या सायकलीवरून पक्षी पाहता येतात.

महाराष्ट्रात हीथ नाही, परंतु माळरान आहे आणि दोहोंचे दैवही काहीसे सारखे आहे. माळरानही चराईने टिकते आणि त्यालाही ओसाड समजण्याची चूक पूर्वापार होत आली आहे. महसुली कागदपत्रांत गायरान किंवा वऱ्हाडात ‘ई-क्लास’ म्हणून नोंदलेल्या अशा जमिनी ‘पडीक’ ठरतात आणि वृक्षलागवड, वसाहत वा प्रकल्प यांसाठी प्रथम त्यांच्याकडेच बोट दाखवले जाते. वस्तुतः कुसळी, पवन्या, मारवेल यांसारख्या गवतांवर काळवीट, लांडगा, चंडोल, धाविक आणि तणमोर यांचे जीवन अवलंबून असते. गवताळ प्रदेशाला पडीक म्हणणे ही वर्गीकरणाची चूक असली, तरी तिचे परिणाम केवळ कागदावर राहत नाहीत.

वऱ्हाडातील भूप्रदेश

वऱ्हाडाचे पारंपरिक भाग तीन: उत्तरेस सातपुड्यातील मेळघाट, मध्यभागी पूर्णा नदीच्या खोऱ्यातील सपाट पाईनघाट आणि दक्षिणेस अजिंठ्याच्या रांगेवरील बालाघाट. सायकलच्या दृष्टीने हे तिन्ही भाग सर्वस्वी भिन्न आहेत.

पाईनघाटात खोल काळी कापसाची जमीन आहे. शेताकडे जाणारे पांदण रस्ते आणि शिवरस्ते येथे गावोगाव आहेत आणि त्यांवर बैलगाडी व ट्रॅक्टर यांखेरीज फारशी रहदारी नसते. हिवाळ्यात व उन्हाळ्यात हे रस्ते कठीण व धुळकट असतात. पहिल्या पावसानंतर मात्र काळी माती चाकाला अशी बिलगते की चाक आणि चौकट यांमधील फट भरून सायकल जागीच अडते. तिला खांद्यावर घेण्यावाचून गत्यंतर नसते. शेतकऱ्याची अडचण याहून मोठी आहे, कारण त्याला याच चिखलातून खत न्यावे आणि माल आणावा लागतो. राज्य शासनाने २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी शेत/पाणंद रस्ते योजना सुरू केली ती याच कारणासाठी. पांदण रस्ता हा मुळात शेतीचा रस्ता आहे. हंगामात बैलगाडीला वाट देणे हे सायकलस्वाराचे पहिले कर्तव्य ठरते.

बालाघाटाच्या बाजूची जमीन बरड व मुरमाड आहे. पाणी लवकर निचरते, त्यामुळे पावसाच्या उघडिपीतही वाटा चालण्याजोग्या राहतात. ग्रॅव्हल सायकलिंगला वऱ्हाडात सर्वाधिक साजेसा भाग हाच. पूर्वीच्या अकोला जिल्ह्याचा, व १ जुलै १९९८ पासून वाशीम जिल्ह्याचा, भाग असलेल्या कारंजा तालुक्याच्या परिसरात माळरानाचे पट्टे शिल्लक आहेत. अकोला व वाशीम जिल्ह्यांच्या माळांवर पावसाळ्यात तणमोर विणीसाठी येतो. हा पक्षी जमिनीवर अंडी घालतो आणि नर गवतातून उंच उड्या मारून मादीला आकर्षित करतो. जागतिक पातळीवर तो अतिसंकटग्रस्त गणला जातो. फासे लावून शिकार करणारा म्हणून ओळखल्या गेलेल्या फासेपारधी समाजातील लोक या भागात गवताळ कुरणे राखण्याच्या कामात सहभागी झाले आहेत. पक्ष्याच्या सवयींचे त्यांचे ज्ञान पिढ्यांचे आहे.

उत्तरेकडील मेळघाटात चढउतार तीव्र आहेत. परतवाड्याहून समुद्रसपाटीपासून सुमारे १,१०० मीटर उंचीच्या चिखलदऱ्याकडे जाणारा घाट सायकलस्वाराची कसोटी पाहणारा आहे. पण तो डांबरी असून वाहतुकीलाही खुला आहे.

संरक्षित क्षेत्रे आणि प्रवेश

मेळघाट व्याघ्र प्रकल्प १९७४ मध्ये स्थापन झाला. गुगामल राष्ट्रीय उद्यान आणि मेळघाट, वान, नरनाळा ही अभयारण्ये त्यात मोडतात. अकोला व वाशीम जिल्ह्यांच्या सीमेवर काटेपूर्णा अभयारण्य, तर कारंजाजवळ काळविटांसाठी कारंजा-सोहोळ अभयारण्य (सुमारे १८ चौ. किमी) आहे.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम २७ नुसार अभयारण्यात परवानगीशिवाय प्रवेश करता येत नाही. कलम २८ अन्वये अभ्यास, छायाचित्रण, पर्यटन इत्यादी कारणांसाठी परवाना देता येतो. व्याघ्र प्रकल्पातील पर्यटन ठरावीक मार्गांवर, ठरावीक वेळेत, नोंदणीकृत वाहनातून व मार्गदर्शकासह चालते. सायकल आवाज व धूर करत नाही म्हणून तिला मोकळीक असावी, असा युक्तिवाद नेहमी केला जातो. परंतु आवाज न करता येणारा स्वार अस्वलाच्या किंवा रानडुकराच्या अगदी जवळ जाईपर्यंत दोघांनाही एकमेकांची चाहूल लागत नाही, आणि जमिनीवरील घरटे सायकलच्या चाकाखालीही तितकेच चिरडते. युरोपातील हीथमध्ये वाघ व अस्वल नाहीत. तेथील नियम जसेच्या तसे येथे आणता येत नाहीत.

मेळघाटातील मीटरगेज मार्ग

वापरातून गेलेल्या लोहमार्गाचे सायकलमार्गात रूपांतर करण्याची पद्धत अमेरिकेत व युरोपात रूढ आहे. इंग्लंडमधील ब्रिस्टल व बाथ यांना जोडणारा मार्ग हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण होय. वऱ्हाडात अकोला–खंडवा हा मीटरगेज लोहमार्ग मेळघाटातून जात असे. धूळघाटजवळ चढ कमी करण्यासाठी त्याला वर्तुळाकार वळण दिलेले होते. रुंदीकरणासाठी हा मार्ग २०१७ मध्ये बंद झाला. व्याघ्र प्रकल्पातून जाणाऱ्या पट्ट्याच्या रुंदीकरणास वन्यजीव अभ्यासकांनी विरोध केला आणि राज्य शासनानेही प्रकल्पाला वळसा घालणारा पर्यायी मार्ग मागितला. अकोट–अकोला या सपाटीवरील भागात नोव्हेंबर २०२२ मध्ये ब्रॉडगेज गाडी सुरू झाली. जंगलातील जुन्या मार्गाचा सौम्य चढ सायकलसाठी आदर्श वाटला, तरी तो वाघांच्या अधिवासातून जात असल्याने कलम २७ व २८ मधील अटी त्यालाही लागू होतात.

हंगाम आणि तयारी

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा वऱ्हाडात सायकलीचा योग्य काळ. मे महिन्यात अकोल्याचे तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या वर जाते. तेव्हा सूर्योदयानंतर फार काळ बाहेर राहणे धोक्याचे आहे. पूर्णेकाठच्या खारपाणपट्ट्यात विहिरींचे पाणी खारट असते, म्हणून पिण्याचे पाणी बरोबर बाळगावे लागते. वाटेतील खरा शत्रू काटा होय: बाभूळ, वेडी बाभूळ आणि जमिनीवर पसरणारा सराटा. पावसाळ्यानंतर वाळलेले कुसळ पायमोज्यांत शिरते व कातडीत रुतते. पंक्चरचे साहित्य, हातपंप आणि किमान एक जादा ट्यूब जवळ नसेल, तर पुढच्या गावातील सायकल दुकानापर्यंत पायी जावे लागते, आणि माळावर ते गाव दिसते त्याहून बरेच लांब असते.