दीर्घिकांच्या विखुरणीतून विश्वाचे मोजमाप: ‘बाओ’ची मोजपट्टी

दीर्घिका आकाशात सर्वत्र सारख्या पसरलेल्या नाहीत. काही ठिकाणी त्यांचे घोळके आहेत, तर काही ठिकाणी कोट्यवधी प्रकाशवर्षे जवळपास रिकामी आहेत. या विखुरणीत एक ठरावीक अंतर इतर अंतरांपेक्षा किंचित जास्त वेळा आढळते. आजच्या मापात ते सुमारे ४९ कोटी प्रकाशवर्षे आहे. हे अंतर मोजपट्टीसारखे वापरून दूरच्या दीर्घिकांची अंतरे आणि विश्वाच्या प्रसरणाचा वेग काढतात. या पद्धतीला ‘बॅरिऑन अकूस्टिक ऑसिलेशन्स’ किंवा थोडक्यात ‘बाओ’ म्हणतात.

मोजपट्टी कशासाठी?

रात्री दिवेआगरच्या किनाऱ्यावरून समुद्रात एखादा दिवा दिसला, तर तो जवळच्या होडीचा मिणमिणता दिवा आहे की दूरच्या जहाजाचा प्रखर दिवा, हे नुसते पाहून सांगता येत नाही. ताऱ्यांच्या आणि दीर्घिकांच्या बाबतीत हीच अडचण येते.

याच गावातील नारळाच्या वाडीत मात्र अंतराचा अंदाज बांधणे सोपे आहे. नारळाची दोन झाडे साधारण साडेसात मीटर अंतरावर लावतात. ७५ मीटरवरून पाहिले तर ही फट सुमारे ६ अंशांची दिसते; ७५० मीटरवरून पाहिले तर जेमतेम अर्ध्या अंशाची, म्हणजे पूर्ण चंद्राएवढी. खरी लांबी माहीत असली की दिसणाऱ्या कोनावरून अंतर काढता येते. ‘बाओ’मागचे गणित हेच आहे.

४९ कोटी प्रकाशवर्षे आली कुठून?

महास्फोटानंतरची पहिली सुमारे ३ लाख ८० हजार वर्षे विश्व अतितप्त होते. प्रकाश आणि साधा पदार्थ एकमेकांत अडकलेले होते. जिथे घनता थोडी जास्त होती, तिथल्या दाबामुळे ध्वनिलाटा निघाल्या. त्यांचा वेग प्रकाशाच्या वेगाच्या निम्म्याहून अधिक होता. पुढे विश्व निवले, अणू तयार झाले, प्रकाश मोकळा झाला आणि लाटांना ढकलणारा दाब संपला. लाटा जिथे होत्या तिथेच थांबल्या.

तोवर त्या सुमारे साडेचार लाख प्रकाशवर्षे दूर गेल्या होत्या. लाटा धावत असताना अवकाशही ताणले जात होते, म्हणून हा आकडा इतका मोठा. त्यानंतर विश्व सुमारे ११०० पट पसरले आणि तेच अंतर आज ४९ कोटी प्रकाशवर्षे झाले. लाटेच्या केंद्राशी आणि ती थांबली त्या कवचात पदार्थ थोडा जास्त होता, त्यामुळे तिथे दीर्घिकाही थोड्या जास्त घडल्या.

मोजणी कशी होते?

ही कवचे एकमेकांत मिसळलेली असल्याने नकाशावर डोळ्यांना दिसत नाहीत. म्हणून दीर्घिकांच्या असंख्य जोड्या घेऊन प्रत्येक जोडीतील अंतर मोजतात. ४९ कोटी प्रकाशवर्षांच्या आसपास जोड्यांची संख्या किंचित वाढलेली दिसते. २००५ मध्ये स्लोन डिजिटल स्काय सर्व्हेच्या ४६,७४८ तांबड्या, तेजस्वी दीर्घिकांमध्ये ही वाढ आढळली. त्याच सुमारास ऑस्ट्रेलियातून केलेल्या ‘टू-डीएफ’ सर्वेक्षणातही तिचा माग लागला.

मोजपट्टी आकाशात आडवी असेल तर तिच्या कोनावरून अंतर कळते. ती आपल्या दृष्टिरेषेत असेल तर तिच्या दोन टोकांच्या ताम्रसृतीतील फरकावरून त्या काळातील प्रसरणाचा वेग कळतो.

पुण्यातील संशोधन

२०१७ मध्ये पुण्याच्या ‘आयुका’ आणि ‘आयसर’ येथील शास्त्रज्ञांनी स्लोन सर्वेक्षणातूनच मीन राशीच्या दिशेने एक प्रचंड महासमूह शोधला आणि त्याला ‘सरस्वती’ नाव दिले. जॉयदीप बागची आणि शिशिर सांख्यायन यांचा त्यात प्रमुख सहभाग होता. सरस्वती सुमारे ४ अब्ज प्रकाशवर्षे दूर असून तिचा विस्तार सुमारे ६० कोटी प्रकाशवर्षे आहे. मात्र असा एकटा महासमूह ‘बाओ’ची मोजपट्टी नव्हे, ती लाखो जोड्यांच्या सरासरीतूनच मिळते.

‘बाओ’शी थेट संबंध असलेले काम आयुकाच्या वरुण साहनी यांचे आहे. विश्वाचे प्रसरण वेगाने वाढत आहे, हे १९९८ मध्ये समोर आले. त्यामागच्या ‘कृष्णऊर्जे’ची घनता सदैव स्थिर आहे का, हा प्रश्न आहे. साहनी, अर्मान शफीलू आणि अलेक्सेई स्टारोबिन्स्की यांनी एक साधी कसोटी मांडली. कोणत्याही दोन काळांतील प्रसरणदरांवरून एक संख्या काढायची. कृष्णऊर्जा स्थिर असेल तर कोणतीही जोडी घेतली तरी ती संख्या सारखीच यायला हवी. २०१४ मध्ये त्यांनी ‘बाओ’ची मापे वापरली तेव्हा अपेक्षित ०.१४ ऐवजी सुमारे ०.१२ आले. त्यातील सर्वांत दूरचे माप क्वेसारच्या प्रकाशात दिसणाऱ्या हायड्रोजन वायूवरून घेतलेले होते. पुढे अधिक निरीक्षणे आल्यावर ते माप प्रचलित सिद्धांताच्या जवळ सरकले.

आज वाद कशाचा?

प्रश्न मात्र मिटला नाही. अमेरिकेतील ॲरिझोनामध्ये ‘देसी’ हे उपकरण ५,००० प्रकाशतंतूंच्या साहाय्याने एका वेळी हजारो दीर्घिकांचे वर्णपट घेते. मार्च २०२५ मध्ये सुमारे दीड कोटी दीर्घिका आणि क्वेसारवर आधारित निष्कर्ष आले. इतर निरीक्षणांशी जोडल्यावर कृष्णऊर्जा काळानुसार दुबळी होत असल्याचे संकेत त्यात दिसतात. त्यांची खात्री, कोणती निरीक्षणे जोडली त्यानुसार, २.८ ते ४.२ सिग्मा आहे. शोध लागला असे म्हणायला ५ सिग्मा लागतात.

दुसरा तिढा प्रसरणाच्या आजच्या वेगाचा आहे. आरंभीच्या विश्वावरून ठरवलेली मोजपट्टी वापरली तर दर मेगापार्सेकला, म्हणजे सुमारे ३२.६ लाख प्रकाशवर्षांना, सेकंदाला ६७ ते ६८ किलोमीटर वेग मिळतो. जवळच्या ताऱ्यांवरून आणि स्फोट पावलेल्या ताऱ्यांवरून मोजल्यास तो सुमारे ७३ येतो. मोजपट्टीची लांबीच थोडी चुकली असेल, तर तिच्यावर बेतलेली सर्व अंतरे बदलतील.

कृष्णऊर्जा स्थिर असेल तर दीर्घिका एकमेकींपासून वाढत्या वेगाने कायम दूर जात राहतील. ती दुबळी होत असेल तर ही गती मंदावू शकते, आणि विश्वाच्या भवितव्याचे आजचे गणित नव्याने मांडावे लागेल.