धारवाडचा अर्ज आणि सर्वांची शाळा



गिरणगावात लहानाचे मोठे झालेल्या, कामगार संघटनेत आयुष्य घालविलेल्या आमच्यासारख्या माणसाने शिक्षणाच्या इतिहासावर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला, तेव्हा आम्ही सातवीत होतो. घरातला पगार थांबला आणि त्याच वर्षी आमची शाळा सुटली. पुढे जे काही वाचले ते युनियनच्या कचेरीत, रात्री. त्यामुळे शाळेचा इतिहास आम्ही शाळेच्या दाराबाहेर उभे राहून वाचला आहे, आणि आज तो तसाच सांगणार आहोत.

इ. स. १८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाला प्रवेश नाकारला गेला. धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यात होते. मुलाने मुंबई सरकारकडे अर्ज केला. त्याला मिळालेले उत्तर आपण नीट ध्यानात ठेवले पाहिजे. न्याय अर्जदाराच्या बाजूला आहे, हे सरकारने नाकारले नाही. परंतु एकाला आत घेतले तर बाकीचे निघून जातील आणि शाळेचा पुष्कळांना होणारा उपयोग बुडेल, म्हणून हात घालता येत नाही, असा त्या उत्तराचा आशय होता. हे धोरण वरिष्ठांना पटले नाही. १८५८ साली कंपनीच्या संचालकांनी विलायतेहून कळविले, की सरकारी शाळा सर्व वर्गांना खुल्या आहेत.

चळवळीतला माणूस येथे लगेच विचारतो : करार झाला, पण अंमलबजावणीचे काय?

त्याचे उत्तर चोवीस वर्षांनी जोतीराव फुले यांनी दिले. १९ ऑक्टोबर १८८२ रोजी हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी सांगितले, की महार-मांगांची मुले जातिभेदामुळे शाळांच्या बाहेरच राहिली आहेत. त्यांच्यासाठी वेगळ्या शाळा काढल्या आहेत, पण त्या फक्त मोठ्या शहरांत. सारा भरतो रयत आणि पैसा खर्च होतो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर, हा हिशेबही त्यांनी मांडला, आणि निदान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे अशी मागणी केली. तत्त्व कागदावर होते. पैसा आणि सक्ती मात्र नव्हती.

गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ साली सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक आणले. ते फार मवाळ होते. स्थानिक संस्थांना इच्छा असेल तर त्यांनी आपल्या हद्दीत सक्ती लागू करावी, इतकेच त्यात होते. तरीही १९१२ मध्ये ३८ विरुद्ध १३ मतांनी ते फेटाळले गेले.

सबंध हिंदुस्थानच्या सरकारला जे झेपले नाही, ते कोल्हापूरच्या लहानशा संस्थानाने करून दाखविले. शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले; मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठेवला. खेड्यातून आलेल्या मुलांना राहावयास जागा हवी, म्हणून वसतिगृहे त्यापूर्वीच उभी केली होती. आणि १९१९ साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्या मुलांना सर्वांच्याच शाळेत घेण्याचा हुकूम काढला. धारवाडला मुलाने शाळेची सोय पाहावी असे ठरले होते. कोल्हापुरात शाळेने मुलाची सोय पाहावी असे ठरले. आमच्या मते शिक्षणाच्या साऱ्या इतिहासाचा काटा येथे फिरतो.

पुढचा प्रवास आपल्याला ठाऊक आहे. १९५० साली अमलात आलेल्या संविधानाने चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी दहा वर्षांची मुदत घातली. ती टळली. शिक्षण हा मूलभूत हक्क व्हावयास २००२ साल उजाडले, आणि त्याचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. मधल्या काळात, १९९४ साली, स्पेनमधील सालामांका येथे ९२ सरकारांचे प्रतिनिधी जमले आणि अपंग मुलांसह सर्वांना साध्या शाळेतच जागा द्यावी, शाळेने मुलाप्रमाणे बदलावे, असे त्यांनी ठरविले. २०१६ च्या आपल्या अपंग हक्क कायद्यानेही तीच दिशा धरली.

तरीही दिवाळीनंतर आईबापांबरोबर ऊसतोडीला जाणारी पोर मध्येच शाळेत परत आली, किंवा ऐकू न येणारा मुलगा दाखल व्हावयास आला, की आमच्या कानावर एक उत्तर येते : "तुमचे म्हणणे रास्त आहे हो, पण बाकीच्या मुलांचे नुकसान होईल." बोलणारी माणसे दुष्ट नसतात. पन्नास मुले आणि एक मास्तर, असा त्यांचाही संसार असतो. पण हे उत्तर १८५६ चे आहे, हे त्यांना सांगितले पाहिजे. मास्तर कमी असतील तर मास्तर मागावेत. मूल कमी करू नये.

आणि मागावयाचे कोणी? २००९ च्या कायद्याप्रमाणे सरकारी व अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सभासद पालक असावे लागतात. ही समिती बहुतेक ठिकाणी सहीपुरती बसते. तिथे जाऊन बसा. कोणते मूल पटावर आहे पण वर्गात नाही, ते विचारा. त्याच्यासाठी पैसा किती आला आणि कशावर खर्च झाला, ते विचारा. धारवाडचा मुलगा आपला अर्ज घेऊन एकटा गेला होता. आपल्याला एकटे जाण्याचे कारण नाही.